घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल केली तर खरंच पेट्रोल वाचतं का? आणि कोकणात जाताना गाडीत सामान कसं भरावं?

न्हाई वाचत. उत्तर इथंच संपवलं असतं, पण तुम्ही लिहिलंय की "आमच्या घरातले अनुभवी ड्रायव्हर सांगतात, उताराला न्यूट्रल टाकली की ॲव्हरेज वाढतं", आणि ते वाचून मला आमचे दाजीच डोळ्यासमोर आले, त्यामुळं आता लांबड लागणार. (मी बाई आहे. खाली 'मी बसलो', 'मी ओरडलो' असं येईल, कोल्हापुरात आम्ही पोरी असंच बोलतो, टायपिंगची चूक समजू नका.)

आमच्या आण्णांचा टेम्पो होता. गुऱ्हाळावरनं गूळ उचलायचा आणि मार्केट यार्डात अडत्याकडं टाकायचा, हाच धंदा. मी गाडी शिकलो ती त्या टेम्पोवर. आणि भरणी बघत मोठा झालो. गुळाचे रवे (ढेप हो, उपम्याचा नव्हे) त्या वेळी 30-30 किलोचे असायचे, हमाल चुकीचे लावायला लागले की आण्णा चहा टाकून उठायचे. जड खाली, जड पुढं, मधे फट ठेवायची नाही. फट राहिली की माल चालतो म्हणायचे. माल चालतो म्हणजे गाडी थांबते पण माल थांबत नाही.

तर 2017 चा मे महिना. ताईच्या नणंदेचं लग्न कणकवलीला. गाडी माझी, पेट्रोल हॅचबॅक, पण चालवणार दाजी, कारण "घाट आहे, तू मागं बस". मी काय बोलणार, जावई माणूस. ते शाळेत मास्तर आहेत, स्वभावानं सोन्यासारखे, पण एकदा फळ्यावर लिहिलं की पुसायचं नाही. सामान पण त्यांनीच भरलं. डिकीत तांदळाची दोन पोती आणि बॅगा, टपावर कॅरिअरला भांड्यांचं बोचकं, आणि 10 किलोचा एक रवा उरला तो मागच्या काचेखाली जी फळी असते ना, तिच्यावर. मी म्हटलं दाजी, तो पायात ठेवूया. तर म्हणे पायात ठेवला तर तुम्ही पाय कुठं ठेवणार, आणि अन्नाला पाय लागतो. यावर काय बोलायचं.

कळे, असळज, गगनबावड्याला चहा-भजी, सगळं मजेत. करूळ घाट लागला आणि दाजींनी गिअरचा दांडा मधे आणला. गाडीत पाच माणसं, वर हा सगळा माल, आणि गाडी नुसती ब्रेकवर सोडलेली. दोन-तीन वळणांनी वास यायला लागला, तो जळका, गरम लोखंडाचा. मी म्हटलं ब्रेक तापले. ते म्हणाले पुढच्या ट्रकचा वास आहे. पुढं ट्रक दिसत पण नव्हता. मग एका वळणावर खालनं एसटी वर आली, दाजींनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खालीच गेला, लोण्यात गेल्यासारखा. मी ओरडलो, दुसरा टाका, दुसरा! गिअर करकरला, पडला, गाडीनं आचका खाल्ला आणि पुढचं डावं चाक डोंगराकडच्या गटारात जाऊन बसलं. दरीकडं वळलो असतो तर हे उत्तर लिहायला मी नसतो.

आणि चाक आदळल्या क्षणी तो रवा आला. माझ्या आणि ताईच्या डोक्यांमधनं, माझ्या खांद्याला लागून, पुढं हँडब्रेकवर. चार बोटं इकडं असता तर डोक्यात होता. खांदा अजून पावसाळ्यात बोलतो. गाडी तेव्हा रिक्षाच्या स्पीडला होती हां. 50 च्या स्पीडला जोरात आदळला असतात तर त्या रव्यात तीन मजल्यावरनं पडल्याएवढा जोर असतो, हा साधा शाळेतला हिशोब आहे, दाजींच्याच शाळेत शिकवतात.

एसटीचा ड्रायव्हर उतरला, आधी चाकाला दगड लावला, मग खिडकीत वाकून म्हणाला, "मास्तर, गिअर गाडीसोबतच आलेत न्हवं? का वेगळे पैसे पडतात?" एवढं एक वाक्य. मी ते मोबाईलच्या रिंगटोनला लावणार होतो. आमच्यातला एकजण बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला, त्याला त्या एसटीच्या ड्रायव्हरनंच अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं की ती वाकडी होते, तडकते पण. पाऊण तास नुसते बसून राहिलो, मग पेडल परत वर आलं. का गेलं होतं ते सांगतो: ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि असं जुनं झालेलं ऑइल जास्त तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो, म्हणून पाय खाली जातो. माझ्या गाडीचं ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं, ती चूक माझी. ते दाजी अजून ऐकवतात, बरोबर आहे.

आता पेट्रोलचं. दाजी शिकले कार्ब्युरेटरच्या (इंजेक्शनच्या आधीचं, इंजिनच्या ओढीनं पेट्रोल सोडणारं यंत्र) मारुती 800 वर. त्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पण थोडं पेट्रोल ओढलं जायचं, त्यामुळं त्यांचं गणित त्या गाडीपुरतं थोडंफार बरोबर होतं. (ब्रेक तेव्हा पण तापायचेच.) आताच्या सगळ्या गाड्या इंजेक्शनच्या. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की चाकंच इंजिनला फिरवतात, आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. बंद म्हणजे बंद. न्यूट्रल टाकली की इंजिनला कोण फिरवणार? मग त्याला स्वतःच्या जिवावर चालू राहायला पेट्रोल लागतं, छोट्या गाडीला तासाला अर्धा ते एक लिटर. म्हणजे दाजी त्या दिवशी वाचवत नव्हते, जाळत होते, आणि वरनं ब्रेक पण जाळत होते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे आण्णांना कार्ब्युरेटर का काय माहिती नसताना माहिती होतं.

दाजींच्या नव्या गाडीत ते चालू ॲव्हरेज दाखवणारा स्क्रीन आहे. गेल्या वर्षी आंबा घाटात मी त्यांना दाखवलं, दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढा, बघा, काटा शेवटपर्यंत गेला. न्यूट्रल टाका, बघा, खाली आला. दाजी म्हणाले, "कंपनीनं तसं सेट केलंय." संपला विषय.

तुम्ही सामानाचं पण विचारलंय, ते राहिलंच. गाडीच्या पुस्तकात एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं, वजा करा, तेवढीच तुमची मर्यादा, माणसं धरून. पाच माणसं 70 किलोची धरली तर 350 तिथंच गेले, छोट्या गाडीत मग पोत्याला किती जागा राहते ते तुम्हीच बघा. टपाचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि तो लई कमी असतो, त्यात कॅरिअरचं वजन पण धरायचं. टपावर फक्त हलकं आणि फुगीर, गाद्या वगैरे. वर जड टाकलं की वळणाला गाडी झुलते. पोती डिकीत तळाला, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून. काचेखालच्या फळीवर काय ठेवायचं? टोपी. फार तर रुमाल.

फुल लोडला टायरमध्ये हवा जास्त लागते, विशेषतः मागच्या, आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हवा गार टायरला, म्हणजे सकाळी निघतानाच बघा, पंपावरचा पोरगा "सगळीकडं 35 मारू का" म्हणतो त्याला आकडा तुम्ही सांगा.

बाकी ॲव्हरेज पाहिजे तर हायवेला पाय आवरा. 80 वरनं 100 ला गेलात की हवेचा अडथळा दीडपटीच्या वर जातो. कोल्हापूर-पुणे साधारण 230 किलोमीटर, कागदावर फरक पडतो अर्ध्या तासाचा. रिकामं कॅरिअर वर्षभर टपावर मिरवत फिरू नका, ते पण हवा अडवतं. लग्न झालं की काढा. आमच्या दाजींचं अजून आहे.

आता एक-दोन गोष्टी आधीच सांगायला पाहिजे होत्या. मी मेकॅनिक नाही. ते पेट्रोल बंद होणं इंजिन थोडं फिरतं असेल तोवरच, अगदी हळू झाली की परत चालू होतं. ऑटोमॅटिक असेल तर उताराला 'एल' (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड बघून ठेवा, घाटात शोधत बसू नका. आणि खाली उतरताना वर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, ती एसटी बरोबर होती, आम्ही चूक.

कॅरिअरला ते हूकवाले रबर वापरू नका, ताणलेलं सुटलं की डोळ्यात बसतं. साधी सुती दोरी किंवा पट्टा घ्या, आणि गगनबावड्यात चहाला थांबाल तेव्हा एकदा हातानं ओढून बघा, तिथपर्यंत ती हमखास ढिली झालेली असते.