मुलींना त्रास देणाऱ्या पोरांशी भिडणाऱ्या मुलीची मांगा (जपानी कॉमिक) कोणती?

वर्णनावरून ही 'काइचो वा मेड-सामा' वाटतेय. हिरो फुजिवाराची, 2005 ते 2013 'लाला' मासिकात यायची, एकूण 18 खंड. सेइका हायस्कूल आधी फक्त पोरांचं, मग मुली घ्यायला लागले पण पोरं तशीच आगाऊ नि गबाळी, मुलींना जीव नकोसा, मग मिसाकी ही नायिका तिथल्या विद्यार्थी परिषदेची पहिली मुलगी प्रेसिडेंट होते आणि एकेकाला असं झापते की विचारू नका. गंमत म्हणजे बाप कर्ज ठेवून पळालेला, म्हणून हीच बया चोरून मेड कॅफेत (जिथे वेट्रेस मोलकरणीच्या वेशात असतात) पार्टटाइम करते, आणि नेमकं शाळेतल्याच उसुई नावाच्या पोराला कळतं. पुढे लव्हस्टोरीच जास्त होते, मला तरी सुरुवातीची भांडणंच आवडली. वाचायचा कंटाळा असेल तर 2010 चा अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघा, 26 एपिसोड आहेत.