तुरीचा हंगाम आधी, मग प्रवेश

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून ते इथे देते आणि खाली माझं उत्तर.

"मॅडम, नमस्कार. आमची पाच एकर कोरडवाहू शेती, कपाशीत तूर असते. मुलीचं यवतमाळहून फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. झालं. पुण्याकडे एका बिस्किट कंपनीत नोकरी मिळत होती, ती नको म्हणाली. तिला उद्योजकता आणि इनोव्हेशन या विषयात दोन वर्षांचं पुढचं शिक्षण घ्यायचं आहे, तेही परराज्यात. राहणं-जेवण धरून १० ते १२ लाख लागतील असं तीच सांगते. शिकून आली की गावातच डाळीचा कारखाना टाकते म्हणते. माझे थोरले भाऊ म्हणतात, 'धंदा का कालेजात शिकून येते काय? ज्याच्या घरात दुकान त्यानंच धंदा करावा.' बँक सातबारा मागेल याची मला धास्ती आहे. आम्ही ओबीसी. मुलगी २२ वर्षांची, नात्यात लग्नाचंही विचारून राहिले. काय करावं?"

नमस्कार भाऊ,

आधी माझं मत सांगते, मग कारणं. तुमच्या लेकीला हे शिक्षण जरूर घेऊ द्या, फक्त यंदा नको. येती तूर घरात आली की तिला एक हंगाम डाळीचं काम स्वतःच्या हातानं करू द्या, आणि त्यानंतर प्रवेश. १२ लाखांचं कर्ज मात्र काढू नका. तेच शिक्षण तुम्हाला झेपेल अशा खर्चात मिळण्याची वाट आहे, ती पुढे सांगते.

तुमच्या थोरल्या भावांचा प्रश्न चुकीचा नाही. गावात दुकानदाराचाच पोरगा दुकान चालवताना दिसतो, मग माणसाला तसंच वाटणार. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलं आहे. डेव्हिड मॅक्लेलंड हे हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४ च्या सुमाराला आंध्रातल्या काकीनाडा या गावच्या छोट्या व्यापारी-कारखानदारांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. आपलं उद्दिष्ट आपण ठरवायचं, ते ना फार सोपं ना अशक्य, जोखीम मोजून घ्यायची, झालेल्या कामाचा हिशेब स्वतःला विचारायचा, असं ते प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण घेतलेली माणसं पुढे न घेतलेल्यांपेक्षा जास्त हातपाय हलवताना दिसली. त्यांनी नवे धंदे काढले, पैसा गुंतवला, लोकांना काम दिलं. हाच धागा धरून गुजरातमध्ये १९७० च्या आसपास उद्योजकता प्रशिक्षण सुरू झालं आणि १९८३ मध्ये अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. महाराष्ट्रानंही १९८८ मध्ये आपलं उद्योजकता विकास केंद्र काढलं. आज जिल्ह्या-जिल्ह्यात त्याचे कार्यक्रम होतात. तेव्हा भावांना सांगा की धंद्याची रीत शिकवता येते. धंद्याची खाज मात्र शिकवता येत नाही, आणि पुण्याची नोकरी नाकारून गावात कारखाना टाकायचं म्हणणाऱ्या पोरीत ती दिसते.

आता या अभ्यासक्रमात असतं काय? तुमच्या लेकीच्याच डाळीवर सांगते, म्हणजे तुम्हालाही तोलता येईल. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. या भावानं एक क्विंटल तूर घेतली आणि लहान गिरणीत भरडली, तर डाळ साधारण ७० किलो धरा. थोडीफार कमी-जास्त होईल. ८,००० ला ७० नं भागा. किलोमागे ११४ रुपये नुसत्या तुरीचेच झाले. तेल लावणं, भिजवणं, वाळवणं, मजुरी, वीज, पिशवी, गाडीभाडं हे सगळं त्यावर. चुनी, म्हणजे भरडताना पडणारा डाळीचा बारीक चुरा, आणि टरफल ढोरांच्या खाद्याला जातं, त्याचे पैसे त्यातून वजा. मग दुकानदाराचा वाटा. एवढं झाल्यावर डाळ किती रुपयांना विकली तर परवडेल, आणि त्या भावात गिऱ्हाईक अकोल्याच्या मोठ्या मिलची डाळ सोडून हिची का घेईल? हा हिशेब आणि हा प्रश्न, दोन वर्षांतला मोठा भाग याचाच असतो. शब्द बदलतात, कोणी त्याला युनिट इकॉनॉमिक्स म्हणतं, कोणी मार्केट व्हॅलिडेशन.

दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची, आणि माझ्या मते डाळीच्या धंद्यात हीच सगळ्यात जास्त माणसं बुडवते. तूर बाजारात येते दोन-तीन महिने, डाळ खपते वर्षभर. म्हणजे तूर स्वस्त असताना घेऊन ठेवायची. १०० क्विंटल घेतली की ८ लाख रुपये गोदामात अडकले, आणि १०० क्विंटल ही काही मोठी खरेदी नव्हे. मशीनला अनुदान मिळतं म्हणून लोक मशीन घेतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात मशीन बंद पडून राहतं, कारण भरडायला मालच घेता आलेला नसतो. पुसदकडचा एक मुलगा माझ्याकडे डाळ मिलचा प्रकल्प अहवाल घेऊन आला होता. रंगीत तक्ते, देशाच्या डाळ बाजाराचे कोटीचे आकडे, सगळं होतं. मी विचारलं, चुनी किलोला काय भावानं जाते? त्याला सांगता आलं नाही. त्याच्या गावात पशुखाद्याचं दुकान होतं, तो तिथे कधी विचारायला गेला नव्हता. मुलगा हुशार होता. त्याला कोणी हा प्रश्न आधी विचारलाच नव्हता. चांगला अभ्यासक्रम हेच करतो, असे प्रश्न वेळेवर विचारतो.

तिसरी गोष्ट तुमच्या धास्तीशी जोडलेली आहे. सरस या नावाच्या एक प्राध्यापक आहेत, पूर्ण नाव सरस सरस्वती, मूळच्या भारतीय, अमेरिकेत शिकवतात. धंद्यात मुरलेली माणसं निर्णय कसे घेतात याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना दिसलं की ही माणसं मोठ्या नफ्याचं गणित मांडून सुरुवात करत नाहीत. आपल्या हाताशी काय आहे, आपण कोणाला ओळखतो, आणि किती पैसे गेले तरी आपण उभे राहू, एवढं ती आधी पाहतात. जगभरच्या उद्योजकता वर्गांत आज हे शिकवलं जातं. भाऊ, तुमच्या घराला हेच लावा. किती पैसे गेले तर घर हलणार नाही? पाच एकर कोरडवाहूवर त्याचं उत्तर १२ लाख नाही.

कर्जाचं नीट समजून घ्या. १० लाख रुपये १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता १३ हजारांच्या थोडा वर जातो. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. धंदा तेव्हा कुठे रांगत असेल. मग काय होतं, मुलं धंदा बाजूला ठेवून हप्त्यासाठी नोकरी धरतात. नोकरीत वाईट काही नाही, पण त्यासाठी उद्योजकतेची महागडी पदवी कशाला? सातबाऱ्याचं म्हणाल तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं, आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. तरीही कोणी सातबारा मागितलाच, तर तिथून उठून या. शिक्षणाचं कर्ज आणि धंद्याचं कर्ज एकाच जमिनीवर चढू देऊ नका. ही एक गोष्ट मी हात जोडून सांगते.

आता वाट. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झाला पाहिजे. एमबीए त्यात येतं. तेव्हा तिनं एमबीएची सीईटी द्यावी आणि नागपूर-अमरावतीकडचं, नाहीतर पुण्याचं, असं कॉलेज निवडावं जिथे उद्योजकता हा विषय मनापासून शिकवतात. खर्च उरतो राहण्या-खाण्याचा. परराज्यातल्या संस्थेला ही माफी लागू नाही. तिचं मन तिथेच असेल तर शिष्यवृत्ती किती देता हे तिनं लेखी विचारावं आणि मगच पुढे जावं.

कॉलेज निवडताना नाव पाहू नका. हल्ली साध्या एमबीएलाही 'इनोव्हेशन' जोडतात. तिनं मागच्या तुकडीतल्या चार-पाच जणांना फोन करून विचारावं की तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांपैकी धंदा कोण करतं, दुसऱ्या वर्षी स्वतःच्या धंद्यावर काम करू देतात की कंपनीत इंटर्नशिपच करावी लागते, शिकवणाऱ्यांत कोणी स्वतः कारखाना चालवला आहे का. फोनवर मुलं खरं बोलतात. माहितीपत्रकात ते सापडणार नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता तर पाहायचीच.

तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच, म्हणून सांगते. धंदा नाही जमला तर ही पदवी वाया जात नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब आणि बाजार समजणारी माणसं लागतात. उमेद या सरकारी ग्रामीण अभियानासारखी उपजीविकेची कामं, नव्या धंद्यांना आधार देणारी इन्क्युबेटर केंद्रं, बँकांचा लघुउद्योग कर्ज विभाग, इथेही जागा असतात. पगार पुण्याच्या कंपनीएवढा सुरुवातीला असेलच असं नाही.

आणि यंदाचा हंगाम. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं लहान प्रमाणावर डाळ करण्यासाठी पीकेव्ही मिनी दाल मिल तयार केली आहे. विदर्भात ती अनेक ठिकाणी बचत गटांकडे किंवा गावातल्या एखाद्या माणसाकडे असते. तुमच्या भागात कोणाकडे आहे ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मशीन विकत घेऊ नका. घरची दोन-तीन क्विंटल तूर भाड्यानं भरडून घ्या. तिनं स्वतः तिथे उभं राहून वजन करावं. किती तूर टाकली, डाळ किती निघाली, तुकडा किती, चुनी किती, वाळवायला ऊन किती दिवस लागलं, सगळं वहीत. मग विना-पॉलिश डाळ म्हणून एक-एक किलोच्या पिशव्या करून दारव्ह्यात, यवतमाळात आणि नागपूरच्या नातेवाइकांच्या सोसायटीत विकाव्यात. विकण्याआधी अन्न परवान्याची छोट्या व्यावसायिकांसाठीची नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन होते आणि खर्च किरकोळ आहे. तिचं शिक्षणच अन्नाचं, लेबलवर काय लिहायचं हे तिला येत असेल. दुसऱ्यांदा मागणारं गिऱ्हाईक किती, एवढं तिनं मला कळवावं. ओळखीपोटी पहिली पिशवी सगळेच घेतात.

ही वही घेऊन ती प्रवेशाच्या मुलाखतीला गेली तर समोरचे कान टवकारतील. आणि वर्गात बसल्यावर शिकवलेलं प्रत्येक सूत्र तिला आपल्या डाळीवर लावून पाहता येईल. नाहीतर सगळं कोणाच्या तरी अमेरिकन कंपनीचं वाटतं आणि परीक्षेपुरतं राहतं.

पदवीशिवायही काही दारं उघडी आहेत, ती माहीत असू द्या. हैदराबादच्या मॅनेज संस्थेमार्फत चालणारी केंद्र सरकारची ॲग्रिक्लिनिक-ॲग्रिबिझनेस योजना २००२ पासून आहे. शेती आणि संलग्न विषयांच्या पदवीधरांना ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं आणि पुढे प्रकल्पाच्या कर्जावर महिलांना ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला ३५ टक्के अनुदान आहे, आणि मोठ्या प्रकल्पालाही शिक्षणाची अट आठवी पास एवढीच. याचा अर्थ अनुदानासाठी एमबीएची गरज नाही. हे नियम बदलत असतात, अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात ताजे विचारून घ्या. वर्ध्याची एमगिरी ही संस्था ग्रामीण उद्योगांसाठीच आहे आणि नागपूरच्या आयआयएमचं इन्फेड हे उद्योजकतेचं केंद्र आहे. लेकीला दोन्ही ठिकाणी एकेक चक्कर मारू द्या. सोबत तुम्हीही जा.

लग्नाचं ठरवणारी मी कोण? एवढंच म्हणेन की डाळीचं मशीन गावात बसवलं आणि लेक लग्न होऊन वाशीम-बुलढाण्याकडे गेली, तर मशीन इथेच राहील. विद्या तिच्यासोबत जाईल. म्हणूनही मी मशीनआधी शिक्षण म्हणते. आणि स्थळं आलीच तर तिचा धंद्याचा विचार पहिल्याच बैठकीत मोकळेपणानं सांगा. लपवून जुळवलेल्या लग्नात पोरींचे बेत पहिल्या वर्षातच मोडतात, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आता लगेच करायचं काम. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात. जात वैधता प्रमाणपत्र बी.टेक.च्या वेळचं घरात असेल, ते शोधून ठेवा. सीईटीची तारीख जाहीर झाली की फॉर्म लेकीनं स्वतः भरावा, कॅफेवाल्याकडून नको. आणि तूर भरडून झाली की वहीच्या पानांचे फोटो मला पाठवायला सांगा. आकडे पाहून कोणत्या कॉलेजांचा विचार करायचा ते आपण तिघं मिळून ठरवू.