गुऱ्हाळाच्या धगीवर दूध गार होईल का?

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. चुलवाणाची बरीच धग धुरांड्यातून वाया जाते. संध्याकाळी 100 लिटर दूध निघतं आणि वीज गेली की नासायची धास्ती. धातू आणि हायड्रोजन वापरून कॉम्प्रेसरशिवाय थंडावा मिळतो, असं भाचा म्हणतो. हायड्रोजन जाळावा लागतो का? आम्हाला जमेल?

उत्तर : जाळायचा नाही. तो बंद टाक्यांतच इकडून तिकडे फिरतो. लँथॅनम-निकेलसारख्या मिश्रधातूची पूड हायड्रोजन पिताना तापते, सोडताना गार पडते. वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या दोन टाक्या नळीने जोडायच्या. पहिलीला धग दिली की तिच्यातला वायू दुसरीत शिरतो. दुसरीची ऊब पाण्याने काढून घ्यायची. मग पहिली निववली की ती वायू परत ओढते आणि दुसरी गारठते. दूध तिथे ठेवायचं. थंडावा सलग हवा तर अशा दोन जोड्या आलटून पालटून चालवायच्या.

अशा टाकीवर मी हात ठेवला आहे. झडप उघडली आणि थोड्याच वेळात पत्र्यावर दव धरलं. पण त्याआधी एक नळी वाया घालवली होती. आम्ही ती काठोकाठ भरली. हायड्रोजन प्यायल्यावर हा धातू जवळजवळ पावपट फुगतो, नळीला पोट आलं. कापून पाहिली तर घातलेल्या खड्यांची काजळीसारखी काळी पूड झालेली.

खरं दुखणं ही पूडच. तिच्यातून उष्णता फार हळू जाते, म्हणून आत तांब्याच्या पट्ट्या किंवा ॲल्युमिनियमचा फेस घालतात. आता हिशेब बघा. एक किलो मिश्रधातूत जेमतेम 14 ग्रॅम हायड्रोजन मावतो. एका फेरीत फार तर 200 किलोज्यूल थंडावा. तुमचं दूध 35 अंशांवरून 4 अंशांवर आणायला सुमारे 12,000 लागतात. म्हणजे पाच किलो मिश्रधातूला बारा फेऱ्या. फेरी पंधरा मिनिटांची धरली तर तीन तास, आणि तेही कागदावर.

विद्या पक्की आहे. 2009 साली अवकाशात गेलेल्या प्लांक दुर्बिणीत अशाच पुडीने हायड्रोजन दाबून 20 केल्विनच्या, म्हणजे उणे 253 अंश सेल्सिअसच्या, आसपास थंडावा मिळवला, कारण तिथे कंप चालत नव्हता. पण घरी करू नका. हायड्रोजन बारीक फटीतूनही निसटतो आणि वापरातली पूड हवेत आली तर पेटू शकते. शिवाय गुऱ्हाळ हंगामापुरतं, म्हशी बारमाही. सध्या वीज असताना बर्फ धरून ठेवणारा दुधाचा कूलर घ्या.

भाच्याला मात्र एक काम सांगा. काहील चढल्यापासून उतरेपर्यंत धुरांड्याच्या बुडाशी किती अंश मिळतात, ते दर अर्ध्या तासाने लिहून ठेवायला लावा. ते आकडे मला पाठवा.