काउबला ऱ्हाईन ४० सेंटीमीटरवर असताना मालवाहू जहाजं चालतात कशी?

तुमचे प्रश्न दोन आहेत: गुडघाभर पाण्यातून जहाज जातं कसं, आणि एवढ्या मोठ्या नदीसाठी सगळे जर्मनीतल्या काउब या छोट्या गावाचाच पाणीपातळीचा आकडा का बघतात?

पहिली गोष्ट म्हणजे ४० सेंटीमीटर ही नदीची खोली नव्हे. मोजपट्टीचा शून्य कुठे धरायचा हे पूर्वीच ठरवून ठेवलेलं असतं आणि तो नदीच्या तळाशी नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रवाहात बरंच खाली असलेल्या एमेरिश या गावी पातळी शून्याच्याही खाली गेली, तरी तिथून जहाजं जात होती.

काउबचा हिशेब असा. मोजपट्टीवर ७८ च्या आसपास पाणी असताना जहाजांच्या वाटेत १.९० मीटर खोली मिळते. म्हणजे आकड्यात साधारण ११२ मिळवायचे. ४० असेल तर खोली १५२ सेंटीमीटर. तळ आणि जहाज यांच्यात २० ते ३० सेंटीमीटर मोकळे ठेवावेच लागतात. उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाज आणखी खाली बसतं आणि तळ घासतो, म्हणून वेगही उतरवतात. उरले सुमारे सव्वाशे सेंटीमीटर. ११० मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद असं नेहमीचं जहाज रिकामं असतानाच मीटरभर किंवा त्याहून थोडं जास्त बुडालेलं असतं. पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला त्यात अंदाजे ११ टन माल चढतो. त्यामुळे पातळी १५० वरून ४० वर आली की प्रत्येक फेरीला सुमारे १२०० टन माल कमी जातो. जहाजं थांबत नाहीत, पण तेवढाच माल न्यायला कितीतरी पट जास्त जहाजं लागतात आणि भाडं भडकतं.

आता काउबच का? काउबच्या बरंच वर, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपासून जर्मनीतल्या इफेट्सहाइमपर्यंत १० ठिकाणी बंधारे आणि जलपाश (जहाजं वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) आहेत, तिथे पाणी अडवून खोली राखता येते. त्याखाली जर्मनीच्या हद्दीत नदीवर एकही बंधारा नाही. बिंगेनजवळ ती डोंगर कापत अरुंद दरीत शिरते. तिथे तळाला वाळू-गोटे नसून कठीण खडक आहे. काउबसमोर नदीच्या मधोमध जकातीसाठी बांधलेला १४ व्या शतकातला फाल्ट्सग्राफेनश्टाइन किल्ला अशाच खडकावर उभा आहे. शिवाय मोझेल नदी येऊन मिळते ती कोब्लेंट्सला, म्हणजे काउबच्या ४६ किलोमीटर पुढे. तिच्या पाण्याचा इथे काही उपयोग नाही. या टप्प्याच्या वर आणि खाली २.१० मीटर खोलीची हमी आहे, मधल्या याच पट्ट्यात १.९० ची. रॉटरडॅमहून लुडविग्सहाफेनला किंवा बाझेलला जाणारं जहाज बंदरातच काउबच्या मापाने भरावं लागतं. काउबच्या अलीकडे, ड्यूसबुर्गपर्यंतच जाणार असेल, तर हा आकडा त्याला लागू नाही.

बरेच जण याचा दोष टुला या अभियंत्याच्या नदी सरळ करण्याच्या कामाला देतात. ते काम १८१७ ते १८७६ या काळात झालं आणि बाझेल ते वर्म्स हा प्रवाह ८१ किलोमीटरने आखूड झाला. त्यामुळे वरच्या भागात तळ खचला, पूर वेगाने खाली येऊ लागले, हे खरंच आहे. पण काउबचा उथळपणा त्याच्या कितीतरी आधीचा, खडकाचा आहे.

जोखमीचा काळ म्हणजे उन्हाळ्याची अखेर ते शरद ऋतू. आल्प्सचा बर्फ वितळून गेलेला असतो आणि हिवाळी पाऊस सुरू झालेला नसतो. २२ ऑक्टोबर २०१८ ला काउबला अवघे २५ सेंटीमीटर होते. त्या वर्षी लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीला उत्पादन कमी करावं लागलं आणि कंपनीने सुमारे २५ कोटी युरोंचं नुकसान सांगितलं. पुढे कंपनीने १३५ मीटर लांब, १७.५ मीटर रुंद असं खास कमी पाण्यात चालणारं टँकर जहाज बांधून घेतलं. रुंदी वाढवली की तेवढाच माल घेऊन जहाज कमी बुडतं.

या पट्ट्याची खोलीही २.१० मीटर करायची सरकारी योजना आहे. ती मला योग्य वाटते, कारण २० सेंटीमीटर म्हणजे प्रत्येक जहाजामागे दोनशेहून जास्त टन. माल मागवणार असाल तर जर्मन जलमार्ग खात्याच्या ‘एल्विस’ या संकेतस्थळावर काउबची पातळी आणि पुढच्या दिवसांचा अंदाज बघा. पुराचाही आकडा लक्षात ठेवा: पाणी ६४० सेंटीमीटरवर गेलं की तिथली वाहतूक पूर्ण बंद करतात.