सात नंबरची मान

अनेक आशीर्वाद.

रविवारच्या बास्केटबॉलच्या मैत्रीच्या सामन्याला मी आलो होतो, हे तुला कळलं नसेल. पालकांच्या छत्र्यांमागे, वरच्या पायरीवर बसलो होतो. कोर्ट ओलं होतं, तुझ्या संघातल्या मुली गोणपाटाने पाणी ओढत होत्या आणि मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतलेल्या भाजक्या शेंगा खात होतो. सामना सुरू झाल्यावर मला एक उद्योग सुचला. तुझ्या सात नंबरच्या हातात बॉल आला आणि तिने बेंचकडे पाहिलं, की एक टरफल डावीकडे वेगळं ठेवायचं. हाफटाइमपर्यंत डावीकडे एकोणीस टरफलं झाली.

म्हणजे एकोणीस वेळा तिने न बोलता विचारलं, "ताई, आता काय करू?"

मुलगी चांगली आहे. बॉल तिच्या हाताला चिकटतो, मान वर ठेवून ड्रिबल करते. चौदा वर्षांखालच्या गटात हे क्वचित दिसतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एकदा तिच्यासमोरच्या मुलीचं सगळं वजन उजव्या पायावर गेलं होतं. डावीकडे रिंगपर्यंत मोकळी वाट होती. सातला ती दिसली. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण तिचा डावा खांदा खाली गेला होता. तेवढ्यात तू ओरडलीस, "सेट लाव, सेट!" म्हणजे आधी घोटलेली चाल. खांदा वर आला, मान तुझ्याकडे वळली, वाट बंद झाली. पुढचा पास समोरच्या मुलीने मधेच उचलला. तू मांडीवर हात आपटलास आणि तिला बाहेर बोलावलंस. ती बाटली तोंडाला लावून बसली होती, पण पाणी पीत नव्हती.

तुला रागावण्याचा मला अधिकार नाही. मी वीसेक वर्षं हेच केलं आणि त्याला 'टीमवर कंट्रोल' म्हणत आलो. माझा आवाज मैदानाबाहेरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जायचा आणि मला त्याचा अभिमान होता.

एक प्रसंग मी फारसा कोणाला सांगितलेला नाही. सतरा वर्षांखालच्या मुलींचा सामना, एका गुणाने मागे, शेवटचे काही क्षण. माझ्या गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या मुलीच्या हातात बॉल. मी बाजूच्या रेषेवरून ओरडत होतो आणि समोरचा कोचही ओरडत होता. ती थांबली. बॉल दोन्ही हातांत छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि भोंगा वाजला. शॉट गेलाच नाही. परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सॉरी सर, तुम्ही काय सांगत होता ते ऐकू आलं नाही." मी विचारलं, "तुला काय दिसत होतं?" ती म्हणाली, "मधून मोकळं होतं. पण तुम्ही वेगळंच काहीतरी सांगत असाल असं वाटलं."

ती माझा आवाज ऐकू न आल्याची माफी मागत होती. स्वतःच्या डोळ्यांचं ऐकलं नाही, ही चूक तिला चूक वाटलीच नव्हती, आणि हे तिला मी शिकवलं होतं. डेक्कनला उतरेपर्यंत मी काही बोललो नाही.

आपण इतकं का ओरडतो, याची कारणंही मला माहीत आहेत. शालेय जिल्हास्तराचे सामने बहुतेक बाद पद्धतीचे. एक हरला की वर्ष संपलं. वरच्या गटांत खेळाच्या सवलतीच्या गुणांकडे डोळे लावून बसलेले पालक. मुख्याध्यापकांना हवा असतो चषकाबरोबरचा फोटो. एवढं सगळं डोक्यावर असताना बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या अंदाजावर सामना सोडायचा म्हणजे पोटात गोळा येतोच.

पण या खेळाचा स्वभाव बघ. जेम्स नेस्मिथने १८९१ साली स्प्रिंगफील्डमध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हा त्याने तेरा नियम लिहिले. कोचने काय करायचं यावर त्यांत एक अक्षर नाही. पुढे तो स्वतः कॅन्ससच्या विद्यापीठात कोच झाला आणि ५५ सामने जिंकून ६० हरला. त्या विद्यापीठाच्या कोचांमध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो एकटाच. (मला हे वाचून कायम धीर येतो.) अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तर १९४८-४९च्या हंगामापर्यंत टाइम-आउटमध्ये, म्हणजे संघाने खेळ थांबवून घेतलेल्या वेळातसुद्धा, कोचला खेळाडूंशी बोलायची परवानगी नव्हती. पाच जणांनी आपसात ठरवायचं आणि खेळायचं. आपण बाजूच्या रेषेवरून जे धावतं समालोचन करतो, ते या खेळात फार उशिरा आलं.

शिवाय ते पोचतही नाही. अगदी जवळून कोणी अडवलं तर नियमाने पाच सेकंद मिळतात, पण वाट पाच सेकंद उघडी राहत नाही. तुला दिसणार, तू ओरडणार, तिला ऐकू येणार, ती अर्थ लावणार, तोवर बचाव करणारीचा दुसरा पाय टेकलेला असतो.

ऐनवेळी खेळाडूला आतून सुचतं त्याला लोक 'अंतःप्रेरणा' म्हणतात, त्या शब्दाबद्दल. मला तो आवडत नाही, देवाने दिलेल्या वरदानासारखा वाटतो. आपल्या गाण्याबजावण्यात याहून चांगला शब्द आहे, उपज, म्हणजे शिकलेल्यातूनच ऐनवेळी सुचलेलं नवं. माझा नातू सदाशिव पेठेत तबला शिकायला जातो. मी बाहेर चपलांशेजारी बसून ऐकतो. त्याचे गुरुजी आधी कायदा, म्हणजे बोलांची एक ठरलेली रचना, देतात. तो महिना-महिना घोटून घेतात. मग म्हणतात, आता याचे पलटे तू काढ. कायद्यात जे बोल आहेत त्यांच्या बाहेर जायचं नाही, पण त्यांचीच उलटापालट करून नवं काढायचं. पोरगं अडखळतं, मात्रा चुकतात, समेवर येत नाही. गुरुजी ठेका धरून बसतात. मधे बोलत नाहीत. एवढं ठेका धरून बसणं मला पन्नाशीनंतर जमलं.

हँडबॉलच्या खेळाडूंवर जॉन्सन आणि राब या दोघांनी केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सामन्याचं चित्रण ऐन मोक्यावर थांबवलं आणि विचारलं, आता काय कराल? खेळाडूंना पहिल्यांदा सुचलेला पर्याय सरासरीने नंतर सुचलेल्यांपेक्षा चांगला निघाला. पण ती सगळी हा खेळ खेळणारी मुलं होती, हे विसरू नकोस. ज्या मुलीने कधी पलटा काढलाच नाही, तिला पहिलं सुचेल ते उपज नसेल, लहर असेल. न बघता पाठीमागून फेकलेला पास ही लहर. तिला टाळ्या वाजवू नकोस.

तुझ्या प्रॅक्टिसमध्ये मला खटकतं ते प्लॅस्टिकच्या कोनांचं जंगल. तुझ्या मुली कोनांमधून इतक्या सफाईने जातात की बघत राहावं. पण कोन हलत नाही, हूल देत नाही, हात मारत नाही. त्याच्यापुढे ठरवण्यासारखं काही नसतंच. कोन निम्मे कर आणि त्या जागी माणसं उभी कर. एक सराव सांगतो, माझ्याकडे तो बरीच वर्षं चालला. बॉल घेतलेली मुलगी मधल्या रेषेवर, तिच्या मागे एका पावलावर तिचा पाठलाग करणारी. रिंगखाली दुसरी बचाव करणारी. पलीकडच्या बाजूने बॉलवालीची जोडीदार धावणार. सुरू करायच्या आधी तू रिंगखालच्या मुलीच्या कानात सांगायचं, कधी "बॉलवर जा", कधी "जागेवर थांब", कधी "जातेस असं दाखव आणि मागे फिर". बॉलवालीला यातलं काही माहीत नाही. मागून पाठलाग आहे म्हणून तिला थांबता येत नाही, आणि समोर रोज वेगळं उत्तर उभं आहे. पहिले चार दिवस सगळा गोंधळ होईल. रिंगजवळ धावत जाऊन टाकायचे लेअप चुकतील, पास भिंतीवर जातील. पाचव्या-सहाव्या दिवशी एखादी मुलगी समोरच्या मुलीचे पाय बघायला लागेल. तू पाय बघायला सांगितलेलं नसेल. तो दिवस वहीत लिहून ठेव.

दुसरं, तीन विरुद्ध तीन, अर्ध्या कोर्टावर, ड्रिबल बंद. दोन नियम दे, बाकी मोकळं सोड. फाऊलही त्यांचे त्यांनी सांगायचे. भांडतील. भांडू देत. गप्प टीमपेक्षा भांडणारी टीम बरी. बचावात मुली एकमेकींशी बोलत नाहीत अशी तुझी तक्रार आहे ना? सगळं तूच बोलतेस, मग त्या कधी बोलणार? तू दहा मिनिटं गप्प बस. 'स्क्रीन आली' (म्हणजे वाट अडवायला समोरची कोणी उभी राहिली), 'मी आहे', 'बॉल, बॉल' हे आपोआप ऐकू यायला लागेल.

बारा वर्षांखालची मुलं असतील तर आधी रिंग बघ. मिनी बास्केटबॉलला रिंग २.६० मीटरवर आणि बॉल ५ नंबरचा असतो. आपल्याकडे चौथीतल्या पोरालाही ३.०५ मीटरच्या रिंगखाली ७ नंबरचा बॉल देतात. ते कमरेपासून बॉल वर फेकायला शिकतं आणि मग शॉट घ्यायचाच टाळतं. आपण म्हणतो, आत्मविश्वास नाही. अरे, तो बॉल त्याच्या डोक्याएवढा आहे!

आता बोलण्याबद्दल. चूक झाल्यावर आपण विचारतो, "का केलंस असं?" मराठीत हा प्रश्नच नाही, ही झापायची पद्धत आहे. घरी, शाळेत मुलांनी तो तसाच ऐकलेला असतो. त्यावर खाली मान आणि "सॉरी ताई" याशिवाय उत्तर येणार नाही. त्याऐवजी विचार, "तुला काय दिसलं?" आणि मग थांब. पहिल्यांदा ती गोंधळेल, कारण हे तिला कोणी विचारलेलं नसतं. नंतर सांगेल, "ती माझ्याकडे येतेय असं वाटलं, म्हणून पास दिला." कधी तिला दिसलेलं बरोबर असतं, फक्त पास आखूड पडलेला असतो. तिथे हाताला सराव हवा. कधी दिसलेलंच चुकीचं असतं, तिथे डोळ्याला. हे न विचारता तू दोघींनाही "लक्ष कुठे असतं?" म्हणून मोकळी होतेस.

आणि चुकल्यावर लगेच बाहेर काढू नकोस. याबाबत मी अगदी हट्टी आहे. परत बचावाला धावली नाही, तर जरूर काढ, खडसावही. पण बघून, ठरवून, धाडस करून टाकलेला पास तुटला, तर निदान पुढची दोन-तीन आक्रमणं तिला खेळू दे. बदली करायचीच असेल तर तिने काहीतरी चांगलं केल्यावर कर. बेंचवर बसलेल्या बाकीच्या सात जणीही बघत असतात, धाडस करणाऱ्याचं पुढे काय होतं ते.

टाइम-आउट पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. पहिला एक त्यांना देऊन टाक. पहिली तीस सेकंदं तू बोलायचं नाही. बोर्ड खाली ठेव. मला हे सुरुवातीला इतकं अवघड गेलं की मी तोंडात सुपारी धरायचो.

पालकांचं काय? सीझनच्या आधी एकदा चहाला बोलाव आणि सरळ सांग: टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण 'शूट कर', 'पास दे' म्हणू नका. दोघं-तिघं तरीही ओरडतील. त्यातले एक काका रविवारी माझ्या शेजारीच होते. त्यांना मी शेंगा दिल्या, तेवढा वेळ गप्प बसले.

शिरीन लिमये आपल्या पुण्याचीच, भारताची कर्णधार झाली. २०१७ मध्ये बेंगळुरूला आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाचा ब गट जिंकला, त्या संघातही ती होती. दोन गुणांनी लागणाऱ्या निकालात शेवटच्या मिनिटाला बाहेरून कोण काय सांगणार? तुझी सात नंबर तिथवर जाईल की नाही, मला माहीत नाही. बहुधा नाही जाणार. दहावीला खेळ सुटेल, जसा बहुतेकींचा सुटतो.

अजून एक बारीक गोष्ट. तुझ्या मुली पाणी प्यायलासुद्धा तुला विचारतात. परवा एक तर बुटाची नाडी बांधू का म्हणून विचारत होती. तेवढं आधी बंद कर. तहान लागली की प्या, म्हणावं.

बुधवारी सहाला मी येतो. शिट्टी घरी ठेवून ये. कोन मी आल्यावर कमी करू, तू एकटीने केलेस तर दोन दिवसांनी परत मांडशील. आणि फाटकाजवळच्या रिंगची जाळी फाटली आहे, ती येण्याआधी बदलून घे. बॉल स्वच्छ आत गेला की जाळीचा आवाज येतो, तो मुलींना ऐकू यायला हवा.

तुझा,
सर