चरित्र अभिनेता : कुणाचं चरित्र?

एका वाचकानं विचारलं आहे : 'मला जुने भयपट फार आवडतात. त्यांत नायक-नायिकेपेक्षा हवेलीचा रखवालदार, मांत्रिक, सैतान झालेला नट हीच माणसं लक्षात राहतात. अशा नटांना मी चरित्र अभिनेता म्हटलं, तर मित्र म्हणाला, कुणाचं चरित्र? मराठीत दुसरा शब्द आहे का? आणि हॉररला भयपट म्हणताना काहीतरी निसटतं, असं का वाटतं?'

तुमच्या मित्राचा कान अस्सल मराठी आहे. आपल्याकडे चरित्र म्हणजे एखाद्याच्या आयुष्याची हकीकत. 'लीळाचरित्र', 'गुरुचरित्र' इथपासून आजच्या चरित्रपटापर्यंत अर्थाची वाट तीच. ज्याच्यावर चरित्र लिहिलं जातं, तो चरित्रनायक. त्यामुळे चरित्र अभिनेता म्हटलं की टिळकांची किंवा फुल्यांची भूमिका करणारा कुणी असेल, असंच आधी वाटतं. हिंदीत चरित्र हा शब्द कथेतल्या पात्रालाही चालतो, म्हणून 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर'चं हे भाषांतर तिथे सहज बसलं. आपण ते उचललेलं दिसतं. आता बातम्यांमध्ये ते इतकं रुळलंय की मी चूक म्हणणार नाही, पण स्वतः वापरत नाही. सहायक अभिनेता हाही पर्याय नव्हे. तो भूमिकेची लांबी सांगतो, जात सांगत नाही.

आपल्या रंगभूमीकडे याहून नेमके शब्द होते. नाटक मंडळ्यांमध्ये कामं पार्टांनी ओळखली जात : राजापार्ट, स्त्रीपार्ट, राक्षसपार्ट. पार्ट इंग्रजी खरा, पण जोडशब्द आपले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, आणि तिथून पुढे जी पौराणिक नाटकं आली त्यांत राक्षस आरडाओरडा करत रंगमंचावर यायचे. त्या आरोळीवरून अशा नाटकांना 'अललडुर्र' हे नावच पडलं. मशालीवर राळ उडवायची, भपकन जाळ उठायचा आणि त्या जाळामागून राक्षस. आधी आवाज, मग उजेड, मग तोंड. भयपटाचा दिग्दर्शक आजही हाच क्रम लावतो. तो पार्ट करणारा नट पुढच्या गावीही राक्षसच व्हायचा, आणि लोक त्यालाच बघायला यायचे.

मला वाटतं, तुम्ही ज्यांना एका शब्दात बसवू पाहताय त्या दोन वेगळ्या जाती आहेत. एक, ज्याचा पार्ट ठरलेला. अनिरुद्ध अग्रवाल घ्या : शिक्षणानं स्थापत्य अभियंता, पण १९८४च्या 'पुराना मंदिर' या हिंदी भयपटातला राक्षस सामरी आणि १९९०च्या 'बंद दरवाज़ा'मधला सैतान, दोन्ही तेच. हॉलिवूडचा ड्वाइट फ्राय तसाच. १९३१ सालच्या 'ड्रॅक्युला'त वेडा रेनफिल्ड, आणि त्याच वर्षी 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये शास्त्रज्ञाचा कुबडा मदतनीस. यांना राक्षसपार्टी म्हणावं. त्यात कमीपणा अजिबात नाही. एकच सोंग आयुष्यभर जिवंत ठेवणं सोपं नसतं.

दुसरी जात बहुरूप्याची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले ओम पुरी १९८३ या एका वर्षात 'अर्धसत्य'मध्ये आतून जळणारे फौजदार झाले आणि 'जाने भी दो यारों'मध्ये झिंगलेले बिल्डर. पुढे १९९२च्या 'रात'मध्ये तेच मांत्रिक झाले. अशा नटाला बहुरूपी नट म्हणा. शब्द सगळ्यांना कळतो आणि कुणाचं चरित्र, असं कुणी विचारत नाही.

कॉलेजात असताना आम्ही पुण्यात टिळक चौकात अलका टॉकीजला शेवटच्या खेळाला जायचो. चित्रपट सुटला की सायकली हातात धरून चालत डेक्कनपर्यंत वाद : तो कंदील धरणारा म्हातारा कोण? आधी कशात पाहिलाय? नायकाचं नाव निघायचंच नाही. रात्र थोडी सोंगं फार, ही म्हण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. रात्रभर चालणाऱ्या खेळात एकामागून एक सोंगं येत राहतात आणि उजाडायला येतं. सोंग या शब्दाला आज ढोंगाचा वास लागलाय, याचं मला वाईट वाटतं. दशावतारात किंवा बोहाड्याच्या मुखवटे घालून होणाऱ्या नाचात सोंग घेणाऱ्याला कुणी ढोंगी म्हणत नाही.

आता भयपट. हॉरर हा शब्द लॅटिनमधल्या 'होरेरे'वरून आला. त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणं. आपल्या संस्कृत 'हृष्' धातूशी त्याचं सख्खं नातं आहे, म्हणजे हॉरर आणि हर्ष एकाच मुळाचे! गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते'. तिथे अंगावरचे केस उभे राहतात ते भयानं आणि शोकानं. अठराव्या अध्यायात संजय कृष्णार्जुनांच्या संवादाला 'अद्भुतं रोमहर्षणम्' म्हणतो. तिथे ते आश्चर्यानं. शब्द तोच. मराठीत रोमहर्षकची भयाची बाजू गळाली आणि तो क्रिकेटच्या सामन्यांकडे गेला. 'अंगावर काटा येणं' या प्रयोगात मात्र दोन्ही टिकलं आहे : काटा अंधाऱ्या जिन्यात येतो, तसा एखाद्या तानेनंही येतो.

भयपट या शब्दात भय आलं, हर्ष बाहेर राहिला. तुम्हाला निसटल्यासारखं वाटतं ते हेच. तरी शब्द बदलू नका. तो सुटसुटीत आहे, तोंडात बसलेला आहे, आणि सामरी दिसल्यावर मांडीवर थाप मारून हसणाऱ्या तुमच्यासारख्या चाहत्याला त्यातला हर्ष वेगळा सांगावा लागत नाही.