गुमास्ता निघाला म्हणजे दुकान पक्कं झालं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लालबागला ओळखीच्यांचं पागडीचं दुकान आहे, साधारण १८० स्क्वेअर फूट, ते मला लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला तयार आहेत. तिथे पोळीभाजी केंद्र टाकायचंय, दोन बायका कामाला ठेवणार. उंची चांगली आहे म्हणून पोटमाळा घालून वर सामान आणि रात्री एकीची झोपायची सोय करायचा विचार आहे. एजंट म्हणतो गुमास्ता काढून देतो, त्यात सगळं आलं. डिपॉझिट पुढच्या आठवड्यात द्यायचंय. बरोबर चाललंय ना?
– एक वाचक, परळ

ताई, डिपॉझिट आत्ता देऊ नका. गुमास्ता म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, त्यात सगळं येत नाही, खरं तर फार थोडं येतं. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते, बास. तो कागद धंद्याचा आणि तिथे काम करणाऱ्या माणसांचा आहे, जागेचा नाही. जागा बेकायदा असेल तर त्या कागदाने ती कायदेशीर होत नाही, आणि उद्या पालिकेची नोटीस चिकटली तर तो दाखवून सुटका होत नाही. एजंट हे सांगत नाही कारण त्याची फी गुमास्ता निघाला की संपते, तुमचं भाडं आणि पगार मात्र चालूच राहतात.

आता जागेचं बघू. पागडी म्हणजे ओळखीचे लोक मालक नाहीत, ते भाडेकरू आहेत, आणि भाडेकरूला स्वतःच्या मनाने दुसऱ्याला जागा देता येत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पोटभाडेकरू ठेवणं हे जागा खाली करून घ्यायचं एक सरळ कारण आहे, म्हणजे मालकाने दावा लावला तर तुमच्या ओळखीच्यांची पागडी जाईल आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही बाहेर. म्हणून भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते डोळ्यांनी बघा, वडील वारले आणि पावती अजून त्यांच्याच नावावर आहे असं लालबाग-परळमध्ये सर्रास असतं, आणि मालकाची संमती लेखी घ्या, फोनवरची नको. मगच करार, आणि तोही रजिस्टरच करायचा, त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. नोटरी केलेला स्टँप पेपर चालतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. इमारत सेसची, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात एकदा विचारून या, पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, त्यात नाव असेल तर ओट्यावर आणि टाइल्सवर एक रुपयाही घालू नका.

दुसरं म्हणजे ती जागा पालिकेच्या दप्तरी दुकान आहे का. चाळीतल्या तळमजल्याच्या खोल्या रस्त्याकडे दार काढून कधीतरी दुकान झालेल्या असतात आणि कागदावर मात्र खोलीच राहिलेल्या असतात. मंजूर नकाशा जुन्या चाळीचा बहुतेकदा हाताला लागत नाही, म्हणून असेसमेंटचा, म्हणजे मालमत्ता कराच्या नोंदीचा उतारा मागवा, जुनं लाइटबिल कमर्शियल आहे का बघा, आधीच्या धंद्याचं लायसन्स असेल तर त्याची झेरॉक्स घ्या. अनिवासी बांधकामांसाठी मुंबईत १ एप्रिल १९६२ ही तारीख धरतात, त्याआधीपासून ते तिथे होतं असे पुरावे असले तर पालिका ते सहन केलेलं, म्हणजे जुनं म्हणून राहू दिलेलं बांधकाम मानते, म्हणून तो जुनाट पिवळा कागद ओळखीच्यांच्या पेटीत असेल तर तो सोन्यासारखा जपा.

पोटमाळ्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा आहे ना, त्याच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही, म्हणजे प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, नळ-पाइप-वायरिंग बदलणं हे बिनधास्त करा, फक्त मालकाला सांगून. पण त्याच कलमात हेही स्पष्ट आहे की पोटमाळा नवीन घालणं किंवा वाढवणं, भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावणं, जमीन खाली खोदून उंची मिळवणं हे किरकोळ दुरुस्तीत येत नाही. काँट्रॅक्टर म्हणेल दोन रात्रींत लोखंडी अँगल टाकून देतो, कोणाला कळणार नाही. कळतं, शेजारचा तक्रार करतो, मग इमारत व कारखाने खात्याची नोटीस येते, काम चालू असताना पकडलं तर त्याच कायद्याच्या कलम ३५४अ ची आणि झाल्यावर कलम ३५१ ची, आणि तोडायचा खर्चही आपल्याच डोक्यावर.

आणि नोटीस जाऊ दे, तिथे माणूस झोपवायचा विचारच मनातून काढून टाका. १८ डिसेंबर २०१७ ला पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. तुमच्याकडेही गॅस, तेल, पीठ, खोके असणार आणि बाहेर पडायला एकच दार, तेही रात्री शटर ओढलेलं. ती बाई तुमच्या भरवशावर झोपणार आहे ताई. तिला जवळपास खोली बघून द्या, भाड्यात थोडी मदत करा, पण दुकानात नाही.

हे सगळं जमलं तर पुढचं सोपं आहे. खाण्याच्या धंद्याला त्याच पालिका कायद्याच्या कलम ३९४ चा परवाना लागतो, त्यासाठी दुकानाचा पत्ता ज्या वॉर्डात येतो त्या वॉर्ड ऑफिसमधलं आरोग्य खातं गाठायचं, अर्ज ऑनलाइन होतो पण एकदा जाऊन विचारून या की सांडपाणी, धूर आणि हात धुवायची जागा कशी हवी, ओटा बांधल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा लायसन्स वेगळं, १४ आकडी नंबर मिळतो तो बिलावरही छापायचा. सिलिंडर १९ किलोचा कमर्शियलच, घरचा लाल आणून चालवू नका. पाटी मराठीत देवनागरीत, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं टाकलीत तर मराठी अक्षरं त्यांच्यापेक्षा लहान नकोत, आत दिवे असलेली पाटी हवी असेल तर तिचंही लायसन्स लागतं.

प्रश्न: बोरिवलीत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये बायको ब्लाउज शिवते. आता दोन मुली कामाला घेऊन बाहेर बोर्ड लावायचाय. सोसायटी एनओसी देते म्हणाली, मग झालं ना?
– एक वाचक, बोरिवली पूर्व

नाही झालं. आत्ता वहिनी एकट्या घरच्या मशीनवर शिवतात तो घरगुती उद्योग आहे, राहत्या घरात घरातल्याच माणसाने केलेला, बाहेर पाटी नाही, पगारी माणूस नाही, तोपर्यंत वापर निवासीच राहतो. पगारी मुली आल्या आणि बोर्ड लागला की तो वापर बदलला असं धरलं जाऊ शकतं, आणि वापर बदलायची परवानगी सोसायटी देत नाही, पालिका देते. सोसायटीची एनओसी त्या अर्जाला जोडायची असते, एवढंच तिचं काम. परवानगी मिळेल का ते रस्त्याची रुंदी आणि इमारतीचा मंजूर नकाशा यावर जातं, त्यासाठी लायसन्स असलेला आर्किटेक्ट गाठा, आणि प्रॉपर्टी टॅक्स आणि लाइटबिल दोन्ही कमर्शियल दराने लागतील हे आधीच हिशेबात धरा. माझं मत विचाराल तर मुलींना काम त्यांच्या त्यांच्या घरी द्या, हेमिंग, हूक, फॉल-बीडिंग, आणि वर्षभर धंदा वाढतोय का बघून मग छोटा गाळा शोधा.

प्रश्न: अर्ज पूर्ण आहे, फी भरली, तरी फाइल हलत नाही आणि शिपाई सुचवतो की साहेबांना भेटा. काय करू?
– एक वाचक, कुर्ला

भेटा, पण कागद घेऊन. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि ती ऑफिसात बोर्डावर लावायची असते, तुमची सेवा त्यात आहे का बघा, पोचपावतीवरची तारीख मोजा आणि मुदत उलटली की तिथेच पहिलं अपील, मग दुसरं, आणि नाहीच झालं तर सेवा हक्क आयोगाकडे. सोबत माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका की माझी फाइल कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे. पैसे कोणी उघड मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा नंबर १०६४ आहे, आणि पैसे देण्याआधी फोन करा, दिल्यानंतर नाही.